तू कोणाची कोण लागतेस?

ऑस्ट्रेलियात शिक्षकांसाठी २०११ साली राष्ट्रीय मानकं आली, त्यातली दोन कलमं मला पाठ आहेत, १.४ आणि २.४. एक म्हणतं की ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना कसं शिकवायचं हे तुम्हाला यायला हवं, आणि दुसरं म्हणतं की त्यांचा इतिहास, संस्कृती, भाषा समजून घेऊन वर्गातल्या सगळ्याच मुलांमध्ये तुम्ही त्याबद्दल आदर रुजवायला हवा. आता मी शिकवते मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात, वर्गात पंजाबी, व्हिएतनामी, सुदानी, तेलुगू, चार-दोन मराठी अशी सगळी पोरं, आणि अशा शाळांमध्ये ही कलमं बऱ्याचदा एका दुपारच्या ऑनलाइन ट्रेनिंगवर भागतात. स्लाइड्स बघायच्या, शेवटी क्विझ, सर्टिफिकेट डाउनलोड. पाचवीतल्या मुलांकडून ॲबोरिजिनल धाटणीची ठिपक्यांची चित्रं काढून घ्यायची. झालं.

म्हणून जेव्हा सुट्टीत शिक्षकांचा एक ग्रुप नॉर्दर्न टेरिटरीत, आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला यिरकला गावी जायचं ठरलं तेव्हा मी लगेच नाव दिलं. अशा ट्रिपांबद्दल माझं मत आधीपासून ठाम आहे आणि ते इथेच सांगून टाकते: या ट्रिपा चांगल्या की वाईट हे शिक्षकाला तिथे किती भारी वाटलं यावर ठरत नाही. त्या कोणी आखल्या, पैसे कोणाच्या हातात गेले, आणि परत आल्यावर वर्गात नेमकं काय बदललं, यावर ठरतं. गरिबी बघायला, फोटो काढायला आणि हळवं होऊन परत यायला जायचं असेल तर जाऊच नये, त्या लोकांनी बघे पुष्कळ बघितलेत.

यिरकला हे काही ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात कोपऱ्यातलं गाव नाही हे आधी समजून घ्या. १९३५ साली इथे मेथडिस्ट मिशन आलं. १९६३ मध्ये सरकारने इथल्या योल्ङु लोकांना न विचारता त्यांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली, तेव्हा त्यांनी कॅनबेराच्या संसदेला अर्ज पाठवला, तो झाडाच्या सालीवर चिकटवलेला. भोवती त्यांच्या कुळांची चित्रं, मधे टाइप केलेला मजकूर, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीतही. ती चित्रं म्हणजे सजावट नव्हती, ही जमीन कोणाची याचा तो पुरावा होता, सात-बाराच म्हणा ना. खाण थांबली नाही. ते कोर्टात गेले, १९७१ ला हरले, पण त्यातून चौकशी आयोग आला आणि १९७६ चा जमीन हक्काचा कायदा झाला. ते साली-अर्ज आज संसदेच्या इमारतीत लावलेत. खाणीसाठी वसवलेलं नुलनबॉय हे शहर यिरकलापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे, तिथे विमान उतरतं, आणि शहराबाहेर पाऊल टाकायचं तर परमिट लागतं. मला ते फार योग्य वाटलं. कोणाच्या घरात शिरायचं तर विचारून शिरावं.

तर गणित. मी गणिताची शिक्षिका आहे, आणि मला तिथे जे मिळालं ते गणितच होतं, म्हणून जरा तपशिलात सांगते, कंटाळू नका.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही बायका एका मोठ्या झाडाखाली बसलो होतो. केतकीच्या जातीचं झाड असतं ना पँडॅनस, त्याची पानं सोलून, मुळांच्या रंगात उकळून त्या टोपल्या विणतात, ते काम चाललेलं. तिथल्या एक वयस्कर बाई, आयुष्यभर शाळेत काम केलेल्या, त्यांनी मला थोडा वेळ विणू दिलं आणि मग म्हणाल्या की तू माझी धाकटी बहीण. बास, एवढंच. त्या एका वाक्यानंतर काय झालं ते बघण्यासारखं होतं. शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती, त्यांच्या लेकीची लेक, ती क्षणात म्हणाली, म्हणजे तू माझी मारी. आईची आई ती मारी, आणि तिची बहीण पण मारीच. मग तिने हात दाखवत दाखवत सगळी माणसं सांगितली, ती तुझी मुलगी, तो तुझा नातू, त्या तिकडच्या तुझ्या सासूच्या जागी. आमच्या ग्रुपमधल्या एका सहकाऱ्याला तिच्या वडिलांनी भाऊ मानलं होतं. मुलगी म्हणाली, मग तो तुझा जावई लागतो, त्याच्याशी बोलायचं नाही, समोर बसायचं पण नाही. आणि आम्ही ते ट्रिपभर पाळलं. जेवताना तो पलीकडच्या चटईवर, गाडीत तो पुढे तर मी मागे, काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाकरवी. तिथे सासू आणि जावई एकमेकांना टाळतात, आणि हा अबोला रागाचा नसतो, तो मान असतो.

या सगळ्याला ते गुरुतु म्हणतात, नात्यांची व्यवस्था. सगळं जग दोन भागांत, धुवा आणि यिरिचा. माणसं, कुळं, जमीन, प्राणी, वारे, पाण्याचे प्रवाह सुद्धा यापैकी एक काहीतरी असतात. मूल वडिलांच्या भागातलं, आणि लग्न नेहमी पलीकडच्या भागात, त्यामुळे आई आणि मूल कायम वेगवेगळ्या बाजूला पडतात आणि आईची आई परत आपल्याच बाजूला येते. त्याच्यावर अजून आठ उपविभाग, ज्यांना माल्क म्हणतात, प्रत्येकात बाईचं नाव वेगळं आणि पुरुषाचं वेगळं. मुलाचं माल्क आईच्या माल्कवरून ठरतं, आणि आईकडून आईकडे असं मागे मागे जात राहिलं तर चार पिढ्यांनी तुम्ही पुन्हा आपल्याच माल्कवर येऊन पोचता. वडिलांकडून गेलं तर दोनच पिढ्यांत.

कोणा गणितवाल्याला हे ऐकून उठून उभं राहावंसं वाटेल. आठ घटक, एक चक्र चारचं, एक दोनचं, कुठूनही सुरू करा आणि कितीही नाती जोडत जा, उत्तर त्या आठांच्या बाहेर जात नाही. आपण कॉलेजात ग्रुप थिअरी म्हणून शिकतो ती हीच गोष्ट. १९४९ साली आंद्रे वेल या फार मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने, जो तरुणपणी आपल्याकडे अलीगढला प्रोफेसर होता, एका मानववंशशास्त्रीय ग्रंथासाठी पुरवणी लिहिली आणि लग्नाच्या नियमांचं बीजगणित मांडलं, आणि त्याने घेतलेलं मुख्य उदाहरण होतं मर्नगिन लोकांचं. मर्नगिन म्हणजे हेच, योल्ङुंना तेव्हाचे अभ्यासक या नावाने ओळखत. जे समजावून द्यायला वेलसारखा माणूस लागला ते ती मुलगी वाळूत बोटाने रेघा ओढून करत होती, आणि तिच्यासाठी ते गणित नव्हतंच, तिचे घरचे लोक होते.

आणि यिरकलाच्या शाळेने हे आधीच ओळखलं होतं! मला याचा इतका आनंद झाला की काय सांगू. तिथल्या योल्ङु शिक्षकांनी १९८०-९० च्या सुमाराला स्वतःचा गणिताचा अभ्यासक्रम घडवला, गर्मा मॅथ्स. कल्पना अशी की संख्यांमध्ये एकातून पुढचं एक निघत जाणारी जी रचना आहे तशीच रचना गुरुतुमध्ये आहे, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून शिकवायच्या. मोजमाप आणि नकाशा यांच्या शेजारी त्यांची जमिनीची, पाऊलवाटांची, कुळांच्या जागांची माहिती. एक वरचढ आणि दुसरी सोयीपुरती, असं अजिबात नाही. हे घडत असताना मंडावुय युनुपिंगू त्या शाळेत होते, जे १९९० मध्ये तिथले प्रिन्सिपल झाले, आर्नहेम लँडमधले पहिले ॲबोरिजिनल प्रिन्सिपल. जगाला ते योथु यिंडी या बँडचे गायक म्हणून माहीत आहेत, १९९२ चे ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर, पण मूळचा माणूस शिक्षक. २०१३ ला ते गेले आणि नंतर बराच काळ त्यांचं पहिलं नाव घेतलं गेलं नाही, पेपरांनीसुद्धा डॉ. एम. युनुपिंगू असंच छापलं, कारण गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नसतं. इथे टीव्हीवर कार्यक्रमाआधी सूचना येते ना की यात मृत व्यक्तींची नावं व चित्रं असू शकतात, ती यासाठी.

मराठी माणसाला यातलं एक फार ओळखीचं वाटेल. योल्ङु मुलाने लग्न करायचं ते परंपरेने मामाच्या मुलीच्या नात्यात बसणाऱ्या मुलीशी. आत्याच्या मुलीच्या नात्यातलीशी नाही. आता आपल्याकडे आठवा, मामाची मुलगी हक्काची, पण मुलाने आत्याची मुलगी केली तर जुनी माणसं नाकं मुरडायची. इरावतीबाई कर्व्यांनी महाराष्ट्रातल्या नात्यांचा अभ्यास करताना हाच फरक नोंदवलाय. माझ्या आजीच्या पिढीत आमच्या घरात दोन लग्नं अशी मामाच्या घरी झालीत. मी हे त्या बाईंना सांगितलं तर त्या एकदम खूश झाल्या, बाकीच्यांना हाक मारून सांगितलं, आणि मग पुढचा तासभर मलाच प्रश्न, तुमच्यात सासूशी जावई बोलतो का, सून बोलते का, नवऱ्याचं नाव घेतात का. मी उखाण्याबद्दल सांगितलं, एक घेऊन पण दाखवला. बरोबरच्या ऑस्ट्रेलियन मैत्रिणींना मावशी, आत्या, काकू, मामी सगळी एकच आँटी, त्यांना गुरुतु कळायला वेळ लागला, आम्हाला निदान वेगवेगळ्या नात्यांना वेगवेगळी वागणूक असते हे घरात बघून माहीत असतं.

आता हे सगळं ऐकून कोणी म्हणेल की छान आहे, पण शिकवण्याशी काय संबंध. सगळा संबंध आहे. वर्गातली बैठक घ्या. शहरातून नवीन शिक्षक येतो, मुलांच्या जोड्या लावतो, आणि त्याच्या लक्षात येत नाही की वयात आलेल्या बहीण-भावांनी तिथे एकमेकांशी थेट बोलायचं नसतं, किंवा अमका तमकीच्या सासूच्या नात्यात आहे. मुलं काही बोलत नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी येत नाहीत. शिक्षक रजिस्टरवर गैरहजेरी मांडतो आणि रिपोर्टमध्ये लिहितो की पालकांना शिक्षणाची आस्था नाही. किंवा प्रश्न विचारणं. शहरात आम्ही एका मुलाकडे बोट दाखवून उत्तर मागतो. तिथे एखाद्या जागेची गोष्ट सांगायचा अधिकार ठरावीक माणसांचा असतो. एका दुपारी मी एका खडकाबद्दल विचारलं तर मोठी, सगळं जाणणारी बाई शांतपणे म्हणाली की हे मी नाही सांगायचं, ते दुसऱ्या कुळाचं आहे, ते आले की त्यांना विचार. तिला उत्तर नक्की माहीत होतं. असंच एखादं मूल वर्गात गप्प बसलं तर त्याला शून्य मार्क पडतात.

आणि कानांचं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण संस्कृतीच्या गप्पांमध्ये ते राहून जातं. दूरच्या वस्त्यांमधल्या ॲबोरिजिनल मुलांमध्ये मधल्या कानाच्या जंतुसंसर्गाचं, कान वाहण्याचं प्रमाण जगातल्या सर्वात जास्त प्रमाणांपैकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात सतत कान वाहण्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की तो मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न, आणि या वस्त्या त्याच्या कितीतरी वर आहेत. गर्दीची घरं, नळदुरुस्तीला महिनोन्‌महिने, डॉक्टर लांब. म्हणजे पहिली-दुसरीतलं मूल, ज्याला अर्धवट ऐकू येतंय, त्याला आपण अनोळखी भाषेत, अनोळखी माणसाच्या तोंडून, अक्षरांचे उच्चार शिकवतो. मग ते मूल मंद ठरतं. म्हणून तिथल्या वर्गांमध्ये आवाज सगळीकडे सारखा पोचवणारे स्पीकर बसवतात. आणि योल्ङु लोकांची स्वतःची हातवाऱ्यांची भाषा आहे, ऐकू येणारे लोकही शिकारीला किंवा लांबून बोलायला वापरतात, तिचा वर्गात फार उपयोग होतो, पण ती येते कोणाला? गावातल्या सहायक शिक्षिकांना.

इथे मी मूळ मुद्द्यावर येते. शहरातून आलेले शिक्षक येतात आणि जातात. टिकून असतात त्या गावच्या बायका, ज्यांच्या पदाच्या नावात बऱ्याचदा सहायक असतं, पगार कमी असतो, आणि ज्यांना प्रत्येक मुलाचं नातं, कुळ, भाषा, कान, घर सगळं माहीत असतं. एकेकाळी त्यांच्यासाठी खरी संधी होती. १९७३-७४ पासून टेरिटरीतल्या काही शाळांमध्ये द्विभाषिक शिक्षण सुरू झालं, मुलांनी आधी आपल्या भाषेत वाचायचं-लिहायचं, मग इंग्रजी. त्यासाठी गावोगाव छोटे छापखाने निघाले, स्थानिक भाषांत हजारो पुस्तकं झाली. बॅचलर नावाच्या गावातल्या संस्थेने बायकांना गाव न सोडता शिक्षिका होता येईल अशी सोय केली. डॉ. रेमाट्जा मारिका यांच्यासारख्या योल्ङु शिक्षणतज्ज्ञ या काळात उभ्या राहिल्या. आणि मग ऑक्टोबर २००८ मध्ये सरकारने जाहीर केलं की रोज शाळेचे पहिले ४ तास फक्त इंग्रजीतून शिकवायचं. देशभराच्या परीक्षांचे आकडे वाईट आले म्हणून. उरलेल्या वेळात, म्हणजे दुपारी, उकाड्यात, पोरं पेंगुळलेली असताना, मातृभाषा. ज्या बाई सकाळी वर्ग चालवत होत्या त्या एका फटक्यात मागच्या बाकावर मदतनीस झाल्या. मला या निर्णयाचा आजही राग येतो. यिरकलाच्या लोकांनी तो मानला नाही, भांडत राहिले, आपला कार्यक्रम चालू ठेवला. आणि २०२० मध्ये त्याच शाळेतून ८ मुलं विद्यापीठात प्रवेशासाठी लागणारा स्कोअर घेऊन बारावी झाली, त्या गावात हे पहिल्यांदा घडलं. दोन्ही भाषांत शिकलेली मुलं.

मला यावेळी सारखं आपल्याकडचं, वारली वस्तीतलं कोसबाद आठवत होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, नंतर कोसबादच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं चारायला जातात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! गुरं चरतायत आणि तिथेच पानं, बिया, दगड घेऊन मोजणी चाललीय. योल्ङु लोकांनी १९७० च्या दशकात मिशनचं गाव सोडून आपापल्या कुळांच्या जमिनीवर परत वस्त्या केल्या तेव्हा शाळा त्यांच्या मागे तिथे गेल्या, छोट्या छोट्या, जिथे स्थानिक शिक्षिका रोज असते आणि बाहेरचा शिक्षक छोट्या विमानाने किंवा गाडीने अधूनमधून येतो. दोन्हीकडे एकच समज आहे, मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं. पण आपल्याकडे नंतर काय झालं? आश्रमशाळांमध्ये गोंड, कोरकू, पावरा मुलं प्रमाण मराठीत शिकतात, शिक्षक बाहेरून बदलीवर आलेले, आणि मराठी ही त्या मुलांसाठी परकी भाषा आहे हे आम्हा मराठी लोकांच्या मनात येतच नाही, कारण इंग्रजीपुढे आपण स्वतःलाच गरीब बिचारे समजत असतो. मेळघाटात किंवा धडगावला जाणाऱ्या नव्या शिक्षकाला महिनाभर एखाद्या पाड्यावर तिथल्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली ठेवावं, त्या म्हाताऱ्यांना त्याचं मानधन द्यावं, आणि मग वर्ग हातात द्यावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. यिरकलाला मी जे पाहिलं त्याचा आपल्या महाराष्ट्रात एवढा तरी उपयोग व्हावा.

आल्यानंतर मी माझ्या आठवीच्या वर्गात चक्रांचं गणित शिकवताना माल्कची रचना वापरली. आधी त्या बाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या रचना शिकव, कुठली आहे ते सांग, कुळांच्या गोष्टी मात्र सांगू नकोस, त्या तुझ्या नाहीत. मुलांनी मग आपापल्या घरची नाती काढली. एका व्हिएतनामी मुलीने सांगितलं की त्यांच्यात मी आणि तू या शब्दांऐवजी नातंच वापरतात, समोरच्याचं वय माहीत नसेल तर बोलताच येत नाही. एका पंजाबी मुलाने मासी, भुआ, चाची, मामी असा तक्ता केला. चांगला तास झाला. पण एवढ्याने मला समाधान नाही, माझ्या शाळेने त्या बाईंना ऑनलाइन का होईना वर्गात बोलवावं, आणि बाहेरच्या तज्ज्ञाला देतो तेवढेच पैसे द्यावेत, यासाठी मी सध्या मागे लागलेय.

इथे ऑस्ट्रेलियात बऱ्याच मराठी मुली शिक्षिका आहेत, त्यातल्या दोघी-तिघींनी विचारलं की आम्हाला पण जायचंय, कसं जायचं. कोरड्या हंगामात जा, मे ते सप्टेंबर. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथेच जवळ गुलकुला नावाच्या जागी योल्ङु संस्कृतीचा गर्मा महोत्सव असतो, १९९९ पासून चालू आहे, तिथे शिक्षणावर चर्चा पण होतात, पण गर्दी असते, नात्याला वेळ मिळत नाही, त्यामुळे शक्यतो वेगळं जा. परमिटचा अर्ज वेळेत करा. ट्रिप योल्ङु लोकांच्याच संस्थेमार्फत करा, आणि शिकवणाऱ्या बायकांना किती पैसे मिळतात ते आधी विचारा, त्यात संकोच नको. तिथे वेळापत्रक मागू नका. एकदा जाऊन संपवू नका, पुढच्या वर्षी परत त्याच लोकांकडे जायचं असा विचार असेल तरच निघा, कारण एकदा कोणी बहीण म्हटलं की नंतर चौकशी करावी लागते, फोन करावा लागतो, कोणी गेलं तर कळवलं जातं. खाडीच्या पाण्यात पाय घालून बसू नका, मगरी असतात, लहान मुलं सांगतील ते ऐका. आणि गावात कोणी वारलं असेल तर विधी आठवडेच्या आठवडे चालतात, अशा वेळी बाहेरच्यांनी येऊ नये म्हणून निरोप येतो, तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा बुडतात, ते शाळेच्या बजेटमध्ये आधीच धरून ठेवा.